अभ्रक चाटणारं स्थळ

श्रीपती दोनदा खोकला.

पहिल्यांदा खोकला तेव्हा मी पोह्यांतल्या मिरचीला दोष दिला. दुसऱ्यांदा खोकला तेव्हा त्याच्या पुढ्यात पोहे नव्हते, नुसतं पाणी होतं. निघायच्या आधी तो मागच्या दारी गेला, आमच्या चतुराबाईकडे बोटभर मध मागितला, खिशातून पुडी काढली, तळहातावर कालवलं आणि चाटून टाकलं. त्या वेळी पुढच्या बैठकीत त्याचे वडील मुलाच्या पत्रिकेतला गुरू किती उच्चीचा आहे ते सांगत होते.

"काय चाटलं गं त्यांनी?" पाहुणे गेल्यावर मी विचारलं.

"अभ्रक व्हतं बाई," चतुराबाई भांड्यांवरची राख न झटकता म्हणाली. "वैद्याचं पोरगं हाय. ते अभ्रक न्हाई चाटणार तर काय पेढा चाटणार?"

तिच्या लेखी विषय संपला. माझ्या लेखी तिथून सुरू झाला. आमच्या अंबड-जालना भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की अभ्रकभस्म कशावर देतात. दम्यावर, जुनाट खोकल्यावर आणि त्या तिसऱ्या रोगावर, ज्याचं नाव लग्नाच्या बोलण्यात कुणी घेत नाही. मी घेते. क्षय.

गुरुवारी साखरपुडा आहे. मुलगी माझी आहे, अरुंधती, औरंगाबादला इंटर झालेली. घर घोरतंय. मला झोप नाही. म्हणून हा श्रीपती नावाचा माणूस, जेवढा मला ऐकून आणि पाहून माहीत आहे तेवढा, एकदा पहिल्यापासून मांडून बघते. डोक्यात त्याची नुसती खिचडी झाली आहे.

*

अंबडला वैद्यांचं घर कुठलं हे विचारावं लागत नाही. नाक पुरतं.

वैद्यबुवा काळ्या अभ्रकाचा खडा निखाऱ्यात लाल करतात आणि गोमूत्रात बुडवतात. पुन्हा लाल करतात, पुन्हा बुडवतात. मग साळीच्या दाण्यांबरोबर फडक्यात बांधून पाण्यात चोळतात, की त्याचा बारीक चुरा फडक्यातून खाली उतरतो. त्या चुऱ्याच्या चकत्या थापायच्या, मातीच्या परळात बंद करायच्या, खड्ड्यात गोवऱ्या रचून पेटवून द्यायचं. याला एक पुट म्हणतात. शंभर पुटं झाली की भस्म शतपुटी, हजार झाली की सहस्रपुटी. श्रीपतीच्या जन्माआधीच वैद्यबुवांनी सहस्रपुटीचा संकल्प सोडला होता. मध्येच आकडा चुकला. आकडा चुकला हे वैद्यबुवांनी कबूल केलं नाही, पण पहिल्यापासून सुरुवात केली. मुलाच्या मुंजीपर्यंत दुसऱ्यांदा चुकला.

या सगळ्यात गल्लीतलं शेण वैद्यांच्या खड्ड्यात जाऊ लागलं. बायकांना सारवायला शेण मिळेना. एक म्हातारी पाटी घेऊन वैद्यांच्या ओट्यावरच येऊन बसली.

"वैद्यबुवा, तुमच्या रोग्याचा खोकला जाईल तवा जाईल. माझ्या अंगणाचं काय?"

"मावशी, हे रसायन आहे. मरणाच्या दारातला माणूस उठून बसतो."

"बसू द्या. पर बसंल कुठं? सारवाया शेण न्हाई गावात!"

अशा घरात श्रीपती वाढला. त्याला लहानपणी एकच काम होतं. भस्म तयार झालं की नाही हे ओळखायची एक परीक्षा असते. चिमूटभर भस्म तळहातावर घेऊन उन्हात धरायचं आणि हात हलवायचा. एक कण जरी चकाकला तरी भस्म कच्चं, पुन्हा खड्ड्यात. चमक पुरती मेली म्हणजे औषध झालं. वैद्यबुवांची नजर अकाली अधू झाली, त्यामुळे त्यांना कुठलंच भस्म चमकताना दिसेना. तेव्हा उन्हात हात धरायला मुलगा उभा राहू लागला.

एकदा वडीगोद्रीचे एक देशमुख बैलगाडी जुंपून औषध न्यायला आले. बैठकीत खोकत बसले होते. अंगणात बापलेक.

"बघ. आहे का काही?"

"आहे."

"नीट बघ."

"नीटच बघून राह्यलो, बाबा. चमकतंय."

"कुठं?"

"समदीकडं."

देशमुख आतून ओरडले, "वैद्यबुवा, पोराला आत धाडा अन् पुडी बांधा. मला उजेडी गाव गाठायचंय."

वैद्यबुवा माझ्या डोळ्यांसमोर येतात. एका हातात भस्म, पुढे खोकणारं गिऱ्हाईक आणि मागे हा सत्यवादी हरिश्चंद्र, चड्डीची नाडी दातात धरून. त्यांनी पुडी बांधली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. देशमुख रिकाम्या हाताने परतले. घरी बायकोने अडुळशाचा काढा पाजला आणि त्यांचा खोकला गेला. मग पंचक्रोशीत देशमुख सांगत सुटले की वैद्यांच्या पोराने मला वाचवलं. पोराला त्या संध्याकाळी जेवण मिळालं नाही, मार मिळाला.

*

मॅट्रिकला श्रीपती गणितात नापास झाला. आमच्या निजामाच्या राज्यात उर्दूतून गणित करताना भलेभले आपटतात, त्यात नवल नाही. नवल त्यानंतर केलेल्या धंद्याचं आहे. बापाने जन्मभर अभ्रकाची चमक मारली, आणि मुलगा त्याच चमकेवर पोट भरू लागला.

मोहरमच्या आधी ताबूत करणाऱ्या कारागिरांना पांढऱ्या अभ्रकाचे पातळ पापुद्रे लागतात. बांबूच्या सांगाड्यावर कागद, कागदावर अभ्रक. मशालींच्या उजेडात अख्खा ताबूत लखलखतो. वैद्यबुवा औषधाला निरुपयोगी म्हणून पांढरं अभ्रक कोपऱ्यात टाकत. ते श्रीपतीने उचललं, चाकूच्या टोकाने एकेक पापुद्रा सोडवला आणि जालन्याला कारागिरांना नेऊन विकला.

"औषधाचं द्रव्य सजावटीला?" वैद्यबुवा कडाडले.

"बाबा, तुमचं औषध खाऊन कोण लखलखलंय आजवर?"

हे उत्तर जालन्यात इतकं गाजलं की आमच्या घरापर्यंत आलं. आमचे हे, म्हणजे माझे यजमान भालचंद्रराव, वकील आहेत. त्यांना उलट बोलणारी तरुण मंडळी फक्त उलटतपासणीत आवडतात. तरी हेही हसले.

मग तो रेल्वेने मद्रास इलाख्यात गुडूरला गेला. तिथे अभ्रकाच्या खाणी आहेत. काय खाल्लं, कुठं झोपला हे त्याने कुणाला सांगितलं नाही, पण आला तो अभ्रकाचं पोतं उशाला घेऊन. पुढे तो दर हंगामात जाऊ लागला, आणि हळूहळू कळलं की आपल्या आसपास जिथे जिथे धग आहे किंवा आवाज आहे तिथे कुठेतरी अभ्रक लपलेलं असतं. गॅसबत्तीला काच लावली तर थंड वाऱ्याने तडकते, अभ्रकाची खिडकी तडकत नाही. विजेच्या इस्त्रीच्या पोटात तार अभ्रकावर गुंडाळलेली असते, नाहीतर इस्त्रीच बाईला शॉक देईल. सरकी काढायच्या जिनाची मोटर, तिच्या तांब्याच्या पट्ट्यांमध्येही अभ्रकाचे पापुद्रे. ग्रामोफोनचा जुना साउंडबॉक्स उघडला तर आत गोल पडदा, तोही अभ्रकाचा. गाणारीचा गळा म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो तो असा गुडूरच्या दगडातून निघतो.

*

पिंपळगाव रेणुकाईच्या लग्नाची हकीकत मला खुद्द मच्छिंद्रने सांगितली. मच्छिंद्र म्हणजे लग्नात गॅसबत्त्या भाड्याने देणारा. सांगताना तो अजूनही शिव्या देतो, त्या मी गाळते आहे.

त्याने श्रीपतीकडून बत्त्यांसाठी अभ्रक घेतलं. श्रीपतीने माल हातात देतानाच सांगितलं, "डागी आहे. स्वैपाकाकडं लाव, आडोशाला लाव. वरातीत लावू नकोस."

मच्छिंद्रने अर्थातच वरातीत लावलं. तिथेच तर बत्ती लोकांना दिसते.

वरात निघाली. नवरदेव घोड्यावर. त्याच्या दोन्ही अंगांना डोक्यावर बत्त्या घेतलेली माणसं. वाजंत्री जोरात. मंडपाच्या दारात मुलीचा मामा कारभारी नवरदेवाला उतरवून घ्यायला पुढे झाला आणि नवरदेवाचं तोंड बघून थबकला. गालावर डाग. कपाळावर डाग. हनुवटीला तर एक असा की वाटाणा चिकटल्यासारखा.

"थांबवा वाजंत्री!" कारभारी ओरडला. "पोराच्या तोंडावर डाग हायेत! आमाला फसवलं!"

वाजंत्री थांबली. नवरदेवाची आई पुढे धावली आणि पदराने त्याचं तोंड खसाखसा पुसू लागली. एका जागचा डाग पुसावा तर तो बत्तीबरोबर दुसरीकडे सरके. मुलीची आजी रडू लागली. कुणी म्हणालं कोड, कुणी म्हणालं देवी येऊन गेल्यात, लपवलं. मच्छिंद्र जवळच्या बत्तीमागे लपला. बत्तीमागे लपणं किती शहाणपणाचं, ते तुम्हीच ठरवा.

श्रीपती तिथे हजर होता. कुणी बोलावलं नव्हतं, आपल्या अभ्रकाचा उजेड कसा पडतो हे बघायला आला होता. तो गर्दीतून पुढे आला.

"डाग नवरदेवाला न्हाईत. अभ्रकाला आहेत. अभ्रक माझंच आहे."

"गप की मालक!" मच्छिंद्र मागून कुजबुजला. "दोघांचा बी धंदा बसवता का?"

श्रीपतीने बत्ती उचलली आणि सरळ कारभाऱ्याच्या तोंडाजवळ धरली. आता डाग कारभाऱ्याच्या गालावर. मंडपभर हशा पिकला. कारभाऱ्याची बायको सगळ्यात मोठ्याने हसली म्हणतात. लग्न लागलं.

त्या वर्षी मच्छिंद्रच्या बत्त्या कुणी नेल्या नाहीत. "त्यो गप ऱ्हायला असता अन् बत्त्या बदलल्या असत्या तर समदं बराबर झालं असतं," असं त्याचं म्हणणं. "पर त्याला इचारलं की झालं. तोंडातून खरंच भाईर पडतं. रोगच हाय त्याला."

"मग तू अजून माल त्याच्याकडूनच का घेतोस?"

"मंग कुणाकडून घेऊ? डागी हाय का चांगलं, बाकीचे सांगतेत का?"

*

आमच्या घरी तो आला ग्रामोफोनमुळे. ह्यांच्या वडिलांच्या वेळचा ग्रामोफोन, साउंडबॉक्समधला पडदा तडकलेला. श्रीपतीने बैठकीत सतरंजीवर बसून सगळं उघडलं. स्क्रू चहाच्या बशीत ठेवले. त्यातला एक ह्यांनी चहाबरोबर तोंडात घेतला, पण वकिलाला काय गिळायचं नाही ते कळतं, वेळीच थुंकला. नवा पडदा बसवून श्रीपतीने तबकडी लावली. गाणारी बाई नाकात गाऊ लागली.

"उत्तम!" हे म्हणाले. ह्यांना गाण्यातलं कळत नाही.

"न्हाई," श्रीपती म्हणाला. "बाईला पडसं झालंय. पडदा जाड कापला मी. दुसरा कापतो."

दाराआडून कुणीतरी हसलं. ती अरुंधती होती. श्रीपतीने वर बघितलं नाही, पण दुसरा पडदा कापायला त्याला पहिल्यापेक्षा खूप वेळ लागला, आणि तो अजून थोडा जाड होता. तिसरा बरा निघाला.

त्यानंतर आमच्या घरातली एकही वस्तू धड राहिली नाही. इस्त्री बिघडली. घड्याळ बंद पडलं. घड्याळात अभ्रक नसतं, तरी श्रीपतीला बोलावणं गेलं, आणि त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, "यात माझं काही काम नाही," आणि तरी तासभर बसला. शेवटी मी मुलीला विचारलं.

"हे स्थळ बघायचं का?"

"चालेल," अरुंधती म्हणाली.

तिने याआधी आलेल्या सहा स्थळांना अनुक्रमे "बेडूक", "कारकून", "मिशा", "आईचं बाळ", "पुन्हा कारकून" आणि "आई, शी!" असं म्हटलं आहे. तिच्या तोंडून "चालेल" म्हणजे दुसऱ्या मुलींनी ओव्या रचाव्यात तसं आहे.

मागच्या लढाईच्या काळात श्रीपतीचा धंदा वाढला होता. मिलिटरीच्या रेडिओत, विमानाच्या इंजिनात अभ्रक लागतं, तेव्हा सिकंदराबादचे दलाल त्याच्याकडे येऊ लागले. अंबडला घरामागच्या लिंबाखाली बायका बसून अभ्रकाचे पापुद्रे सोडवायच्या. चतुराबाईची बहीण त्यांत होती. तिथली भुकटी अंगावर अशी बसायची की बायका घरी जाताना अंधारात चमकायच्या. नवरे म्हणायचे, आज लक्ष्मी आली.

ही हकीकत ऐकताना मी हसले होते. आता ती भुकटी मला छातीत दिसते. बायका पापुद्रे सोडवत होत्या, तर हा दिवसभर त्यांच्यात बसून माल निवडत होता. वर लहानपणापासून बापाच्या खड्ड्याचा धूर. वर पुडी. अठ्ठावीस वर्षांचा मुलगा, कमावता, नाकीडोळी नीटस, अजून बिनलग्नाचा का? आमची घोडीही काही शिंगरू राहिलेली नाही, हे मला माहीत आहे. पण ती का राहिली ते मी जगाला सांगू शकते. हा का राहिला?

*

बघण्याच्या दिवशी काय झालं ते सांगते. अरुंधतीला चालून दाखवायला लावलं. वाचून दाखवायला लावलं. तिच्या होणाऱ्या आत्येसासूने तिला सुईत दोरा ओवायला लावला, मग केस सोडून दाखवायला सांगितले, खरे आहेत का बघायला. वैद्यबुवांनी तर तिची नाडी पाहिली आणि "पित्तप्रकृती" असा निकाल दिला. तो बरोबर आहे, माझ्यावर गेली आहे.

आणि मुलाला? मुलाला कुणी एक पाऊल टाकायला लावलं नाही. "जरा खोकून दाखवता का" असं कुणी म्हटलं नाही. त्याने आपण होऊन खोकून दाखवलं, तरी सगळे पंख्याकडे बघत बसले.

रात्री मी ह्यांना म्हटलं, "विचारा त्यांना."

"कुणाला?"

"वैद्यबुवांना. मुलाला काय होतंय ते."

"अगं, आपण मुलीकडचे. असं विचारायचं असतं का?" तरी ह्यांनी अंबडला जाऊन विचारलं, वकिली भाषेत, फिरवून फिरवून, की चिरंजीवांची प्रकृती, हवापाण्याच्या दृष्टीने, एकंदर कशी काय? वैद्यबुवांनी छाती पुढे काढून सांगितलं, "वज्रासारखी. माझं भस्म खाऊन वाढलाय." म्हणजे खातो. म्हणजे का खातो? तो प्रश्न ह्यांनी विचारला नाही. ह्यांचं म्हणणं, साक्षीदार खूश असला की थांबावं.

मग शेजारच्या नंदाबाई मत्स्योदरीच्या दर्शनाला म्हणून अंबडला गेल्या. त्यांना देवीचं फारसं नसतं, पण बातमीचं फार. आल्या त्या तीन बातम्या घेऊन. एक, मुलाला रात्री ताप येतो. दोन, मुलगा ठणठणीत आहे, वैद्यबुवांना गिऱ्हाईक उरलं नाही म्हणून प्रत्येक घाण्याचं भस्म आधी मुलावर आजमावून बघतात. तीन, मुलाला खोकला नाही, तो लाजला की खोकतो.

"यातलं खरं कुठलं?" मी विचारलं.

"ते मी कसं सांगू बाई? मी विचारलं तेवढं आणलं."

"त्याला स्वतःला विचारलं का?"

नंदाबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना मुलाच्या धोतराचा काष्टा मोजायला सांगितला. "नवऱ्या मुलाला? आपण? असं कुठं असतं का हो!"

चतुराबाईचं मत तर आणखी सोपं. "त्याला हाय तर हाय. कुणाला काई न्हाई बाई? माझ्या नवऱ्याला दारू व्हती. कुनी इचारलं? तुमी शिकलेल्या बायका लई इचार करून राह्यल्या."

"चतुरा, माझी पोर विधवा झाली तर?"

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. राखेचा हात पदराला पुसत राहिली. मग म्हणाली, "मंग इचारा की. पर कसं इचारायचं ते मला इचारू नगा."

*

आज संध्याकाळी अरुंधती माझ्यासमोर येऊन बसली. हातात माझंच निवडायचं तांदळाचं सूप घेतलं, म्हणजे बोलायचं असणार.

"आई, तू साखरपुडा पुढे ढकलणार आहेस?"

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तू तीन दिवस आमटीत मीठ घालत नाहीयेस."

मी सगळं सांगितलं. पुडी, खोकला, तीन बातम्या. तिने तांदूळ निवडता निवडता ऐकलं. खडे बाजूला, तांदूळ बाजूला. मी घाबरले होते की ती रडेल, किंवा त्याहून वाईट, म्हणेल की मला चालेल, रोग असला तरी चालेल. पोरी असं बोलतात. कॉलेजात मीही अशाच काहीतरी शपथा घेतल्या होत्या, सुदैवाने कुणी मनावर घेतल्या नाहीत.

ती म्हणाली, "आई, तू अंबडला माणूस पाठवलास. बाबांना वैद्यबुवांकडे पाठवलंस. त्यांच्या तालुक्यातल्या कुत्र्याचीही साक्ष घेतलीस. त्यांना एकट्यांना सोडून."

"मुलाला कसं विचारायचं गं?"

"ग्रामोफोन ऐकून बाबा उत्तम म्हणाले, तेव्हा त्यांनी काय सांगितलं होतं?"

"ते ग्रामोफोनचं होतं."

"आणि मच्छिंद्रकाकांच्या बत्तीचं?"

"अगं, त्यात त्यांचं काय जाणार होतं? इथे हो म्हणाले तर लग्न जाईल. अशा वेळी माणूस खोटं बोलतो. मीही बोलले असते."

"तू बोलली असतीस," अरुंधती म्हणाली आणि सूप माझ्या मांडीवर ठेवून उठली. "मला ते खरं सांगतील की खोटं, हे कळायला हवंय. तुला नसलं तरी."

तेव्हापासून मी त्या वाक्याभोवती घिरट्या घालते आहे. माझ्या मनात फक्त छाती होती. तिच्या मनात तीही आहे आणि दुसरंही काहीतरी. बत्ती कारभाऱ्याच्या तोंडाजवळ धरताना या माणसाचं धंद्यापलीकडे काहीच पणाला लागलं नव्हतं. देशमुखांच्या वेळी मात्र लागलं होतं. तेव्हा मार पडणार हे त्या पोराला ठाऊक होतं. तरी तो "समदीकडं" म्हणाला. ही एक गोष्ट मी तीन दिवसांत कुणाला सांगितली नाही, स्वतःलाही नाही, कारण ती मला पटली तर मला त्याला विचारावं लागेल. आणि विचारलं तर तो सांगेल. मला भीती रोगाची कमी आणि त्या सांगण्याची जास्त वाटत होती, असं दिसतंय.

तर मी विचारणार आहे.

श्रीपती सध्या औरंगाबादला आहे, एका गिरणीच्या मोटरी दुरुस्त करायला गेला आहे, बुधवारी रात्री परत येईल आणि गुरुवारी नवा कोट घालून आमच्या दारात उभा राहील. तोवर थांबले तर नारळ, पेढे आणि आत्येसासू यांच्या गर्दीत मला तोंड उघडता येणार नाही. पलीकडच्या कापसाच्या प्रेसमध्ये फोन आहे. मॅनेजर ह्यांचे अशील आहेत, नाही म्हणणार नाहीत. अडचण वेगळी आहे. एक्स्चेंजवर रखमाजी बसतो, आणि तो लाइन जोडून देतो पण कान काढून घेत नाही. जालन्याहून औरंगाबादला गेलेली कापसाची प्रत्येक गाठ आणि प्रत्येक घरातली भानगड त्याला पाठ आहे. दुपारपर्यंत अख्ख्या जालन्याला कळेल की वकिलांच्या बायकोने होणाऱ्या जावयाला फोन करून विचारलं, तुम्हाला क्षय आहे का. वैद्यबुवांच्या कानावर गेलं तर ते सुपारी परत पाठवतील. मुलगा निरोगी असला तर त्याचा अपमान झाला. नसला तर माझ्या मुलीचं मोडलेलं लग्न बाजारात फिरेल, आणि पुढचं स्थळ यायला किती वर्षं जातील कुणास ठाऊक.

कळू दे. बाजाराला घेऊन माझी मुलगी झोपणार नाहीये.

ह्यांना सांगणार नाही. सांगितलं तर ते मला मसुदा लिहून देतील, "प्रकृतीच्या अनुषंगाने" वगैरे, आणि मी तो वाचून दाखवेपर्यंत लाइन तुटेल. मी सरळ विचारणार. श्रीपतराव, तुम्ही अभ्रक कशासाठी खाता? रात्री ताप येतो का? हैदराबादला जाऊन छातीचा फोटो काढून आणाल का, आणि तो हातात येईपर्यंत साखरपुडा थांबवलात तर तुम्हाला राग येईल का? शेवटी हेही सांगणार की विचारणारी मी आहे, अरुंधती नाही. मग आठवलं, हे खोटं आहे. तर ते सांगणार नाही. अरुंधतीलाच सोबत नेणार. ती शेजारी उभी राहील आणि ऐकेल.

सकाळी प्रेसचं ऑफिस उघडलं की पहिला नंबर औरंगाबादच्या त्या गिरणीचा.